चांद्याचा गोप्या

चांद्याच्या रानात नवी खाण शोधताना बोअरमधून निघालेला पहिला कोळसा सदानंद जपून लालबागला घेऊन आला. वीतभर लांब, गोल, काळा कुळकुळीत. उद्या तो फोर्टातल्या साहेबापुढे ठेवायचा होता.

घरात बहिणीच्या बाळाचं बारसं, बायकांची गर्दी. पिशवी खुंटीला अडकवून तो संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेला. घोषणा देऊन, घसा बसवून परतला, तर पिशवी रिकामी!

"आई, माझा कोळसा?"

जाईबाईंनी जीभ चावली. "अरे देवा! मला वाटलं, बारशाला वरवंटा आणलास. रीतीप्रमाणे त्याचाच गोप्या करून पाळण्याखालून फिरवला की रे! हात काळे झाले, म्हटलं नवा असेल."

सदानंद पाळण्याकडे धावला. बाळाशेजारी कोळसा शाबूत होता. अंगात झबलं, डोक्यावर टोपडं...

आणि दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाची तीट.