कापसाचे बोळे

“परवान्याच्या अर्जातला पाचवा रकाना रिकामा आहे,” तपासणीस बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सभागृहाबाहेर तीनशे पोरं रांगेत उभी होती. आत रंगमंचावर बँडमधली चौघं बाईंच्या तोंडाकडे बघत होती. गायिका बोलताना अडखळायची, गाताना मात्र कधीच नाही. ड्रम वाजवणाऱ्या मुलीला अजिबात ऐकू येत नव्हतं. ती अनवाणी बसायची आणि फळ्यांची थरथर तळपायांनी ओळखायची. गिटारवाली चाकाच्या खुर्चीत होती. बेस वाजवणारा परदेशातून आलेला, त्याला इथली भाषा जेमतेम यायची. रॉक सगळ्यांचं आहे, हे सांगत चौघं गावोगाव फिरत होती. दहा गावं निभावली होती. हे अकरावं.

“पोस्टरवर काय लिहिलंय तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांना जागा,” गिटारवाली म्हणाली.

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. ज्याला तुमचं संगीत आवडत नाही, त्याला कुठे जागा दिलीत? रंगमंचावर असा एक तरी माणूस हवा. मागच्या आठवड्यात एक अख्खा बँड परत पाठवला मी. सगळेच्या सगळे संगीतप्रेमी निघाले.”

“पण तो ये... येईल कशाला?” गायिकेने विचारलं.

“ते तुम्ही बघा. नाहीतर मी कुलूप लावते.”

गिटारवालीने पडद्याकडे बोट दाखवलं. “आहेत की. आमचे ड्रायव्हरकाका.”

काकांनी पहिल्याच दिवशी बँडचा सराव ऐकून सांगितलं होतं, “जिन्यावरून भांडी गडगडली की असाच आवाज येतो.” तेव्हापासून ते दर कार्यक्रमाला कानांत कापसाचे बोळे घालून पडद्याआड बसत. कसं झालं, असं विचारलं की म्हणत, “मागचं टायर बसतंय.” चौघांच्या ते मनाला लागायचं. पण काका गाडी चांगली चालवायचे.

काकांना समोर आणून उभं केलं. भानगड कळल्यावर ते एक पाऊल मागे सरले.

“मला यात कशाला ओढता, पोरांनो?”

“काका, तुम्हाला आमचं गाणं आवडत नाही ना?” गिटारवाली म्हणाली. “तेवढंच सांगायचंय.”

काकांनी नजर बुटांकडे वळवली. बाहेरची पोरं दार ठोठावू लागली.

“नाही आवडत,” ते हळूच म्हणाले.

“तोंडी चालत नाही,” बाई म्हणाल्या. “एक गाणं वाजवा. यांचा चेहरा बघून सही करीन. आणि ते बोळे काढा. ऐकू न येणाऱ्यांचा रकाना वेगळा आहे. तो भरलाय.”

काकांनी बोळे काढून झटकन खिशात टाकले. हरभऱ्याएवढेही नव्हते.

गाणं सुरू झालं. काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. बाई चष्मा सावरून निरखू लागल्या.

दुसऱ्या कडव्याला ड्रमवाली दचकली. फळ्यांतून एक जास्तीचा ठोका येत होता. अगदी ठेक्यात, पण तिचा नव्हे. तिने मान वर केली. वर काकांचा आंबट चेहरा होता आणि खाली त्यांचा उजवा बूट.

तिने गिटारवालीला डोळ्यांनी खुणावलं. गिटारवालीने एकही सूर न चुकवता कोपराने चाक रेटलं आणि खुर्ची बाई आणि काकांचा बूट यांच्या मध्ये नेऊन उभी केली.

“फारच त्रास होतोय हो यांना,” बाई हळहळल्या आणि त्यांनी सही केली.

काकांनी ओठ आणखी घट्ट मिटले. पुढची ओळ त्यांना पाठ होती.