देवगाववरचा निळा चौकोन

तनुजा संभाजीनगरात नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत कामाला होती. त्या दुपारी तिला नकाशावर दोन थर बसवायचे होते. खाली जमिनीवरचा पाऊस, वर समुद्राच्या पाण्याचं तापमान, दोन्ही बारक्या चौकोनांत मांडलेले. समुद्राचा थर जमिनीवर पसरू नये म्हणून तिनं त्याला किनाऱ्याचा मास्क लावला, तसा सगळा निळा रंग किनाऱ्याशी येऊन थांबला.

एकच निळा चौकोन मागं राहिला. समुद्रापासून कितीतरी आत, देवगाव रंगारीवर.

तिनं मास्क काढून पुन्हा लावला. चौकोन हलला नाही. मूळ आकडे उघडले, तर देवगावच्या जागी समुद्राचं तापमान भरलेलं होतं.

देवगावात तिची आई दगडाबाई एकटी राहायची. तनुजाचा धाकटा भाऊ शिवराज गेल्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर कोकणात गेला, समुद्रात पोहायला उतरला आणि पुन्हा कुणाच्या हाती लागलाच नाही.

तनुजानं फोन लावला. "आई, तिकडं सगळं बरं हाय ना?"

"व्हय. हिरीचं पाणी तेवढं सकाळपासून खारट लागायलंय. समदे म्हणत्यात, पिऊ नको. मी पितेच. माझ्या लेकरानं शेवटाला असलंच पाणी पेलं असंल नं?"

तनुजाची नजर निळ्या चौकोनावर गेली. "आत्ता कुठं हायस तू?"

"हिरीवर."

"आई, आधी घरी जा."

फोनमध्ये एक लाट फुटली आणि वाळू ओढत सावकाश मागं गेली.