साच्यातली अक्षरं

घरासाठी जमवलेले सगळे पैसे त्याने कीबोर्डच्या नक्षीदार बटणांच्या साच्यात ओतले होते. पोलाद एकदा कोरलं की खाडाखोड नाही, म्हणून दोन महिने त्याचा जीव टांगणीला होता. आज साचा उघडला आणि तो हरखलाच.

“काका, काय हात आहे तुमचा! एकेक अक्षर मोत्यासारखं वाचता येतंय!”

साचेवाल्या काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“वाचता येतंय? अहो, साच्यात अक्षर उलटं असावं लागतं, तेव्हा कुठे ते बटणावर सुलटं उमटतं. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाकडून आलेलं प्रत्येक चित्र डोळे झाकून उलटं करतो, तसंच तुमचंही केलं.”



“तुम्हाला त्रास नको म्हणून,” तो कसाबसा म्हणाला, “मी ते चित्र उलटं करूनच पाठवलं होतं.”