बिबड्यांचं मीठ

इंदिराबाईंनी गरम घाटा जिभेवर ठेवला. गच्चीवरच्या पाच बायका हात थांबवून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. सकाळचे सात वाजले होते. शिजवलेल्या ज्वारीचा हा घाटा गार झाला की धड थापता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कोणी हात पुढे केला नाही.

"बराबर शे," इंदिराबाई म्हणाल्या. "टाका खाटवर."

बायका खाटेवरच्या ओल्या धोतराकडे वळल्या आणि भराभर बिबड्या, म्हणजे वाळवणाचे ज्वारीचे पापड, थापू लागल्या.

देवपूरच्या त्या गल्लीत ऊन तापलं की बिबड्यांच्या पाळ्या लागत. ज्या घरी बिबड्या, तिथे सगळी गल्ली राबायची. इंदिराबाईंनी चव घेतल्याशिवाय पहिली बिबडी पडायची नाही. हा नियम कोणी केला ते आता कोणाला आठवत नव्हतं. पण बिबड्या वर्षभर पुरवायच्या असतात, आणि मीठ चुकलं तर घरातली माणसं वर्षभर ऐकवतात. त्यापेक्षा इंदिराअक्कांना हाक मारलेली बरी.

एरवी इंदिराबाईंच्या दारात दूधवाला आणि गॅसवाला सोडून कोणी येत नसे. यजमान गेलेले, मुलगी सुरतेला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसाला कोण कशाला काही विचारणार? म्हणून त्या या पंधरा-वीस दिवसांची वाट पाहायच्या. रोज सकाळी धुवट पातळ नेसून, कोणी बोलवायला येण्याआधीच तयार बसायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी गल्लीला सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी कोरोनात त्यांची चव गेली, ती परत आलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. पण मीठ काय, साखर काय, त्यांच्या जिभेला सगळं सारखंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्या गप्प राहिल्या. पातेलं केवढं, ज्वारी किती, मीठ कोणी टाकलं आणि किती मुठी, हे त्या गप्पांच्या ओघात काढून घ्यायच्या, मनाशी अंदाज बांधायच्या आणि मग ऐटीत चव घ्यायच्या. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. छातीत धडधड मात्र दरवेळी व्हायची.

आज ज्योतीच्या घरची पाळी होती. इंदिराबाई गच्चीवर आल्या तेव्हा लसूण, मिरची, तीळ घालून पातेलं तयारच होतं. गप्पांना वेळ मिळाला नाही. ज्योती हाताची नेटकी बाई, तिच्या अंदाजावर त्यांनी बिनधास्त भरवसा ठेवला.

"अक्का," मागून आवाज आला. ज्योतीची नवी सून कामिनी मिठाचा काठोकाठ भरलेला वाडगा घेऊन उभी होती. "यात मीठ टाकलंच नाही अजून. आई म्हणाल्या होत्या, मीठ अक्कांना विचारूनच टाकायचं."

ज्योतीनं ते म्हटलं होतं खरं. गल्लीतली कुठलीही बाई आधी आपल्या अंदाजानं मीठ टाकते आणि मग कमीजास्त विचारते. पण हे जळगावहून आलेल्या सुनेला कोणी सांगायचं?

शेजारच्या सरितानं पातेल्यातला घाटा चाखला. "ठार अळणी आहे," ती म्हणाली आणि इंदिराबाईंकडे न पाहता पदरानं हात पुसू लागली.

इंदिराबाईंचे कान तापले. गंमत केली म्हणून वेळ मारून नेता आली असती. तसं त्यांच्या ओठांवरही आलं. पण चार वर्षांचा भार आता त्यांना पेलवेना.

"माले चव नही," त्या म्हणाल्या. "चार वरीस व्हई गयात. मी कोनले सांगं नही."

इंदिराबाईंनी पदर सारखा केला आणि जिन्याकडे निघाल्या. लाज वाटत होतीच, पण त्याहून भीती मोठी होती. उद्यापासून आपल्याला कोण बोलवायला येणार?

"चाललात कुठे?" ज्योतीनं विचारलं. "चार वर्षं कोणाची बिबडी बिघडली का? नाही ना? घाटा गार होतोय. मीठ किती टाकू ते सांगा."

"आनि जीभ कथाईन आनू, माय?"

"जीभ हिची घ्या." ज्योतीनं सुनेला पुढे ढकललं.

इंदिराबाई वळल्या. पातेल्याजवळ येऊन त्यांनी आत वाकून पाहिलं. मग ज्योतीच्या हाताकडे पाहिलं. "तुन्या तीन मुठी," त्या म्हणाल्या.

ज्योतीनं तीन मुठी मीठ टाकलं. धोतरावर पडलेल्या बिबड्या खरवडून परत पातेल्यात गेल्या. सासू-सुनेनं मिळून घाटा तळापासून ढवळला. कामिनीनं परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून एक घास घेतला.

"कसा लागस?" इंदिराबाईंनी विचारलं.

कामिनीनं पुन्हा एकदा चाखून पाहिलं. खरं बोलावं की मान राखावा, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती खरंच बोलली. "कमी आहे, अक्का. भाजीत घालतो ना, त्याहून कमी."

ज्योतीचा हात लगेच वाडग्यात गेला. इंदिराबाईंनी तो मनगटापाशी धरला. या खेपेला त्यांच्या छातीत धडधड नव्हती.

"कमीच पाह्यजे, पोरी," त्या कामिनीला म्हणाल्या. "वाळता वाळता बाकी मीठ ऊन टाकस."