आत फक्त नंबर

फोन ठेवला तरी दीपालीबाईंच्या कानात सखारामशेटांचा आवाज घोळतच राहिला.

"बाई, बालवर्गाच्या जागेला आमची सून पण बसलीय हां. आत्ताच विचारलं तिला, चार नंबर आलाय म्हणाली. मी काय सांगत नाय. तुम्ही शहाण्या आहात. आणि तिला यातलं कळू देऊ नका, ती मोठी तत्त्वाची."

सखारामशेट संस्थेचे अध्यक्ष. दीपालीबाईंना मुख्याध्यापिका म्हणून कायम करायचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडला होता. सही झाली नाही, तर जूनमध्ये पुन्हा गाशा गुंडाळायचा. बाईंच्या नवऱ्याने कऱ्हाडचं चालतं दुकान बंद करून गुहागर गाठलं होतं. मुलगी आत्ता कुठे इथे रुळली होती. तिला पुन्हा नवी शाळा, नव्या मैत्रिणी, हा विचारच बाईंना नकोसा वाटायचा.

आणि ही नंबरांची पद्धत आणलेली कोणी? त्यांनीच. आधी लेखी चाचणी. त्यातून उरलेल्या सहाजणींची आज मुलाखत. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, सासर-माहेर तर नाहीच. सकाळी चिठ्ठी उचलायची आणि त्या नंबराचा बिल्ला लावायचा. तिन्ही परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण मांडायचे. सभेत बाईंनी हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या सखारामशेटांनीच वाजवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शिस्तीवर बाईंचा भारी जीव. इथल्या लोकांचं सैल वागणं त्यांना पटायचं नाही. बँक असो, दवाखाना असो, रांग म्हणून सरळ चालायची नाही. कोणी खाडीपलीकडे दाभोळला जायची फेरीबोट गाठायचीय म्हटलं, की सगळे खुशाल बाजूला सरायचे. निदान आपल्या शाळेत तरी नियम म्हणजे नियम, असं बाईंनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं.

तीन मुलाखती झाल्या. बाई प्रश्न वाचत होत्या, पण उत्तरं त्यांच्या डोक्यावरून जात होती. शाळेचे कारकून गनीभाई दारातून डोकावले.

"मॅडम, बाहेर जरा मागंपुढं..."

"बाहेरचं बाहेर बघा, गनीभाई. आत फक्त नंबर."

गनीभाई मान हलवून गेले आणि चार नंबर आत आली.

बाईंनी तिला निरखून पाहिलं. अध्यक्षांचा मुलगा दर्शन लोट्याच्या एका कंपनीत होता आणि जोडपं तिकडेच राहायचं, त्यामुळे सून कशी दिसते हे बाईंना ठाऊक नव्हतं. ही मुलगी चुणचुणीत वाटत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे. निकाल घरीच ठरलेला असला, की माणूस घड्याळच बघणार. म्हणे तत्त्वाची!

शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतः लिहिलेला होता. शाळा सुटली आहे, एका मुलाला न्यायला कोणी आलेलं नाही आणि तुमची गाडी सुटायची वेळ झाली आहे. काय कराल?

"शिपायांपाशी बसवीन, घरी फोन लावीन," चार नंबर म्हणाली. तिने पुन्हा घड्याळ पाहिलं. "मग निघेन."

ती उठून गेली तीसुद्धा जवळजवळ धावतच.

सहा नंबर शेवटची. साधी सुती साडी, शांत डोळे. तिची उत्तरं बाईंना इतक्या धास्तीतही ऐकू आली. तोच शेवटचा प्रश्न आल्यावर ती जरा हसली.

"मी थांबेन, मॅडम. माझी गाडी गेली तर मला उशीर होईल, एवढंच. पोराला मात्र वाटेल, आपल्याला सगळेच विसरले."

बाकीच्या दोघा परीक्षकांनी माना डोलावल्या. आपल्या मुलीला अशीच बाई मिळावी, असं बाईंना मनापासून वाटलं.

मग गुण मांडायची वेळ आली. चार नंबरच्या रकान्यात त्यांनी हात सैल सोडला. सहाच्या रकान्यात आखडता घेतला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पण मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, आणि त्यांनी खाली सही केली. तिघांची बेरीज झाली. चार नंबर थोडक्यात पुढे निघाली.

व्हरांड्यात निकालासाठी थांबलेल्या बायका उभ्या राहिल्या. बाईंनी कोणाच्याही डोळ्यांत न बघता सांगितलं, "निवड नंबर चारची झाली आहे."

चार नंबर तिथे नव्हतीच. सहा नंबर पुढे आली. तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच सावरला.

"बरं झालं, मॅडम. तिला गरज होती. मी कळवते तिला. तान्हं बाळ दाभोळला ठेवून आली होती. शेवटच्या नंबरापर्यंत थांबली असती, तर फेरी चुकली असती. म्हणून मी माझा बिल्ला तिला दिला आणि तिचा घेतला. गनीभाई सांगायला आले होते तुम्हाला."

फाटकाशी गाडी थांबली. सखारामशेट हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उतरले, तडक व्हरांड्यात आले आणि तो बॉक्स त्यांनी सहा नंबरच्या हातात ठेवला.

"घे गो, दिशा. पहिला पेढा बाईंना दे."