सदोष

पडद्यावर एक पेशी दोन होत होती. अंधाऱ्या सभागृहात शास्त्रज्ञ लाल ठिपका फिरवत समजावत होते.

“हे धागे म्हणजे गुणसूत्रं. हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर ती गुंडाळलेली असतात. पेशी दोन व्हायच्या आधी, धाग्याच्या कमरेपाशी, त्या प्रथिनांवर एक बारीकशी रासायनिक खूण उमटते. ती असली की पेशीतले दोर धाग्याला योग्य जागी धरतात. पकड चुकली तर ती सुटते आणि नव्यानं बसते. मगच वाटणी बरोबर होते. आता ही दुसरी पेशी. हिच्यातली खूण आम्ही पुसली आहे.”

दोर ताणले गेले. धागे दोन्हीकडे सरकले. एक मात्र मधेच घुटमळला आणि भलत्याच बाजूला गेला.

तिसऱ्या रांगेतली तरुणी पुढे वाकली. ती ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करायची. व्याख्यानाचं पत्रक तिला तिथंच मिळालं होतं आणि आईला तीच ओढून घेऊन आली होती.

“अशी गफलत आईच्या बीजांडात झाली, की मुलाच्या पेशीत शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस धागे येऊ शकतात; डाउन सिंड्रोम होतो तो असाच,” शास्त्रज्ञ म्हणाले. “थोडक्यात, कारखान्यातून सदोष माल बाहेर पडतो.”

हशा पिकला.

तिसऱ्या रांगेतल्या तरुणीची आई उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई. चारचौघांत तोंड उघडायची सवय नव्हती. मांडीवरची पिशवी खाली पडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

“सत्तेचाळीसवाली माझी लेक आहे. ही इथं बसलीय. माल कोणाला म्हणालात?”

हसू विरलं. कुणीतरी दिवे लावले. शास्त्रज्ञांनी चष्मा काढला.

“ताई, गैरसमज होतोय. मी पेशीबद्दल बोलत होतो.”

“पेशीला कोण हसतं? हसले ते माणसाला. बावीस वर्षं ऐकतेय. दवाखान्यात, शाळेच्या दारात, जिथं जावं तिथं. निदान शिकलेल्यांच्या जिभेला तरी हाड असेल असं वाटलं होतं.”

शास्त्रज्ञांनी मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा आईकडेच वळून हलक्या आवाजात विचारलं, “तिला हे सगळं... समजतं का?”

आई काही बोलणार तोच लेकीनं हाताला धरून तिला खाली बसवलं. लेकीचे कान लाल झाले होते.

“आई, तू थांब.” ती उठली. “मला विचारा ना. मी इथंच आहे.”

शास्त्रज्ञ गडबडले. “बरं. तुम्हाला... समजलं का?”

तिचे शब्द जड, सावकाश निघायचे.

“चुकीची पकड सुटते म्हणालात. पण ती सोडवतं कोण, ते सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “मला समजलं की नाही ते मग बघू. आधी तुम्ही नीट सांगा.”