हळू घ्या, जोखीम आहे

आरोग्य खात्याची कर्णा लावलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, तसे दुकानदाराने कानांवर हात ठेवले. "आली बघा आपली कर्कशा!"

गल्ली हसली. साथीला दुसरं वर्ष लागलं होतं, भीती शिळी झाली होती आणि मास्क हनुवटीवर उतरले होते. इस्पितळात मात्र पुन्हा खाटा भरत आल्या होत्या, त्याही बहुतेक म्हाताऱ्यांनीच. हे या हसणाऱ्यांच्या गळी कसं उतरवावं, ते गाडीतल्या निवेदिकेला कळेना.

"पालथ्या घड्यावर पाणी," ड्रायव्हर पुटपुटला.

तिने माइक उचलला. कागदावर छापलं होतं, 'घरातील वृद्धांना जोखीम अधिक.' पण सकाळपासून ओरडून घसा बसलेला, डोकं भणभणलेलं. जीभ घसरली.

"घरातली म्हातारी माणसं म्हणजे जोखीम!" कर्णा गल्लीभर गरजला.

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "बाई, काय बोलून बसलात! आता दगड येतील."

माफी मागायला तिने माइक पुन्हा तोंडाशी नेला, तोच वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. बनियनमधले एक आजोबा बाहेर वाकले. खाली त्यांचा मुलगा मित्रांबरोबर चकाट्या पिटत उभा होता.

"ऐकलंस का रे?"

"बाबा, तुम्ही आत जा. चुकून बोलल्या त्या."

"चुकून कसलं? तुझी आई दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसायची, आठवतं? टॅक्सीवाल्याला काय सांगायची? हळू घ्या, जोखीम आहे! आता डबा गेला, आई गेली. जपायची राहिलेली जोखीम मी. आधी ते नाक झाक!"

गल्ली पुन्हा हसायला लागली, पण हसू अर्ध्यातच विरलं. मुलगा वर बघत राहिला. मग त्याने मुकाट्याने मास्क नाकावर ओढला. दुकानदाराने मागच्या खोलीच्या पडद्याकडे एकदा पाहिलं. आत त्याची आई पडून होती. त्याचाही हात हनुवटीकडे गेला. मग शेजारच्याचा, मग पलीकडच्याचा. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

वर खिडक्या उघडू लागल्या. कुठे आजी, कुठे आजोबा, कुठे गजांना धरलेले नुसते सुरकुतलेले हात. वर्षभर निवेदिका याच गल्लीत ओरडत होती. दाराआड इतकी माणसं जपून ठेवलेली असतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. हातातला माइक तिने कधी बंद केला, तिलाच कळलं नाही.

"काढू गाडी?" ड्रायव्हरने विचारलं. का कोण जाणे, त्याचाही आवाज खाली आला होता.

"काढा," ती वर बघतच म्हणाली. "पण हळू घ्या. जोखीम आहे."